तीन पिळांची तार

आमच्या दुकानात शिट्टीवरून माणसं ओळखली जात. चेकनाक्याकडून एखादा ट्रक दहिसरच्या बाजूला वळला, की त्याच्या टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या चाकाची, शिट्टी आधी यायची आणि ट्रक मागून. आप्पा हातातलं काम न थांबवता सांगायचे, "थ्रस्टचो बेअरिंग गेलो हा तेचो," किंवा "ऑइल खाता हा." ड्रायव्हर खाली उतरून तेच सांगायला तोंड उघडायचा, तोवर आप्पांनी अर्धा इलाज ठरवलेला असायचा. माणसं हसायची, कौतुक करायची. मला ते कौतुक ऐकून अभिमान वाटायचा अशा वयात मी पुष्कळ वर्षं काढली. नंतरच्या दोन वर्षांत मात्र मला त्याचा इतका राग यायचा, की मी मान खाली घालून रॉकेलच्या ट्रेमधले पार्ट अधिकच जोरात घासत बसायचे. ज्या काळाबद्दल मी हे लिहिते आहे तो त्या दोन वर्षांच्या शेवटचा काळ आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आप्पा लालबागेतून दहिसरला आले, कुणा सरदारजीच्या हाताखाली ट्रकचे टर्बो खोलायला शिकले आणि पुढे नाक्याजवळ स्वतःचा गाळा घेतला. घरी ते मालवणीत बोलायचे, गिऱ्हाइकांशी हिंदीत, आणि रागावले की दोन्हींत. दुकानात मी, लेथवर रफिकचाचा आणि अधूनमधून उगवणारा माझा धाकटा भाऊ नितीन. नितीनला त्या धंद्यात काडीचा रस नव्हता. त्याला बोरीवली स्टेशनसमोर मोबाइलच्या कव्हरांचा गाळा टाकायचा होता, आणि ते तो दर आठवड्याला सांगायचा. तरीही आप्पांचं टेबल पुढे त्याचंच, हे गृहीत होतं. टेबल म्हणजे दुकानाच्या मागच्या भिंतीला लावलेलं सागवानी टेबल, वर जस्ताचा पत्रा आणि डोक्यावर ट्यूबलाइट. टर्बोच्या आतला दांडा, त्याची बेअरिंगं आणि ती जागेवर धरणाऱ्या नखाएवढ्या सर्क्लिपा तिथेच बसवल्या जात. बाकी सगळं काम कोणीही करायचं, टेबलावर बसायचे ते फक्त आप्पा. मला ते टेबल हवं होतं. दुसरं काहीही नको होतं, आणि हे मी लपवलंही नव्हतं.

आता ती गोष्ट सांगायला हवी जी दुकानात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. आप्पांचा उजवा हात कापायला लागला होता. सुरुवातीला चहाचा ग्लास अर्धाच भरून घेणं, मग दोन्ही हातांनी धरणं, मग चहाच नको म्हणणं. एकदा एका ट्रकच्या टर्बोत सर्क्लिप बसवताना ती तीनदा उडाली आणि तिसऱ्यांदा आप्पांनी ती शोधलीच नाही, नुसते टेबलाकडे बघत राहिले. मी उठले, टेबलाखालून ती काढली आणि बसवली. त्यानंतर दुपारी शटर अर्धं खाली ओढून रफिकचाचा नमाजाला गेला, की मी टेबलाच्या बाजूच्या ठेंगण्या स्टुलावर बसून बारीक काम करायचे. बाहेरून कुणी डोकावलं तर पोरगी पार्ट धुते आहे असंच वाटावं. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की आप्पा तयार टर्बो डाव्या हातात उचलायचे, उजव्या हाताचं एक बोट दांड्याच्या टोकाला लावून भिंगरी फिरवायचे, कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, "ले जाओ. मेरे हाथ का काम है." ते एक बोट तेवढ्यापुरतं स्थिर राहायचं. मी दोन वर्षं ते वाक्य ऐकलं. आजही कुणी कारागीर माझ्यापुढे छाती काढून ते वाक्य बोलला तर मी आधी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघते.

शेवटी मी विषय काढला. घरी नाही, दुकानात, तोंडावर. म्हटलं, आप्पा, मला टेबलावर उघड बसू द्या. त्यांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, "पोरगी टेबलार बसलेली बघून ट्रकवाले येतले? टेबलार बसान काय दिवे लावतलंस?" मी म्हटलं, दोन वर्षं लावतेच आहे. त्यावर ते इतके भडकले, की हातातला पाना त्यांनी आपटला की सुटला हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चिराग त्याची गाडी घेऊन आला आणि त्या गाडीवरून आमचा सौदा झाला.

चिराग म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा मुलगा. त्याच्या वडिलांना सगळे शेठ म्हणत. त्यांचे ट्रक गुजरातपर्यंत चालायचे आणि त्यांचे सगळे टर्बो आमच्याकडे यायचे. चिराग बोरीवलीच्या सोसायटीत राहायचा, माझ्याच वयाचा, आणि त्याच्या डिझेल हॅचबॅकला त्याने मूळपेक्षा मोठा टर्बो लावायचं मनावर घेतलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या मर्यादा त्याने आधीच कुठल्यातरी लॅपटॉपवाल्याकडून काढून टाकल्या होत्या. म्हणजे इंजिनात हवा प्रमाणाबाहेर कोंबली गेली तरी गाडी स्वतःहून थांबणार नव्हती, जे काय सांभाळायचं ते टर्बोलाच. आप्पांना असल्या गाड्यांचा तिटकारा होता, पण शेठच्या मुलाला नाही म्हणता येत नव्हतं. ते मला म्हणाले, "तूच कर. उघड कर. दिवाळीपर्यंत एक पण तक्रार येवक नाय, तर टेबल तुझा. मी स्वतः सगळ्यांका सांगतलंय. तक्रार इली, तर परत विषय काढायचो नाय." आणि हे ते चिराग, नितीन आणि रफिकचाचा यांच्यासमोर बोलले. मी हो म्हटलं. मला वाटलं, जिंकलेच.

त्या कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाचा धूर टर्बोचं एक चाक फिरवतो, ते चाक दुसरं चाक फिरवतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. पण धूर वाढला की चाक अजून जोरात, चाक जोरात की हवा अजून, हवा अजून की धूर अजून, असं ते चढतच जातं. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते, वेस्टगेट. हवेचा दाब ठरल्यापुढे गेला की टर्बोवरची एक पत्र्याची डबी एक बारीक रॉड ढकलते, झडप उघडते, जादा धूर चाकाला न लागता बाजूने निघून जातो. आईला हे मी कुकरच्या शिट्टीवरून समजावलं होतं. ती म्हणाली होती, "मग शिट्टी अडाकली तर?" मी म्हटलं, तर वाट लागली. त्या रॉडची लांबी नटाने कमीजास्त करता येते. नट जास्त कसला तर झडप उशिरा उघडते आणि गाडी जास्त पळते. चिराग रोज फोन करून सांगायचा, यार शुभा, थोडा जास्त कस ना. मी नाही कसला. सव्वा बार दाबावर लावला, समोरच्या काचेशेजारच्या खांबाला दाबाचं मीटर बसवलं आणि घोडबंदर रोडवर चिरागला शेजारी बसवून तीनदा चढावर पळवली. काटा सव्वावर जायचा आणि तिथे खिळायचा. तिन्ही वेळा तिथेच.

तो दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा दुपारचा प्रसंग. दसऱ्याला आमच्या दुकानात अवजारांची आणि गाड्यांची पूजा एकत्रच व्हायची. पाने, पकडी, लेथ, टेबल सगळं धुऊन पुसून त्यावर हळदकुंकू, आपट्याची पानं आणि झेंडूचे गुच्छ. आप्पांचा आणखी एक नेम होता. दुकानात त्या दिवशी जितके टर्बो असतील, मग ते खोललेले असोत की गाडीला बसवलेले, त्या प्रत्येकाला झेंडूचा छोटा गुच्छ बांधायचा आणि तो कुणी सोडायचा नाही. वाळून, जळून आपोआप पडेल तेव्हा पडेल. मागची दोन वर्षं ते गुच्छ मीच बांधत होते, कारण दोऱ्याला गाठ मारणं आप्पांना जमायचं नाही. ते मंत्र पुटपुटत पुढे चालायचे आणि मी मागून बांधत जायचे. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी बापाला मदत करते आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या पहाटे माझी पाळी आली. मी आईला सांगितलं, आणि न सांगता दुकानात गेले असते तर बरं झालं असतं असं मला आजवर वाटत आलं आहे. आई म्हणाली, "मग आज दुकानात हात लावू नको. पूजेच्या टायमाक भायरच बस." मी वाद घातला. म्हटलं, काल याच हातांनी टर्बो बसवला तो चालतो, आणि त्याच हातांनी झेंडू चालत नाही. आई शिरा ढवळत राहिली. आप्पा अंघोळ करून बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ते तरी म्हणतील की चालू दे. त्यांना माझी गरज होती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते टॉवेल झटकत म्हणाले, "आईस सांगता तसा कर." मग मी नाक्यावरच्या रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि आमच्या दुकानातून येणारा घंटेचा आवाज ऐकत राहिले. दुपारी चिराग गाडी घेऊन गेला. बॉनेट लावताना आत झेंडूचा पिवळा रंग दिसला तेवढा.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी टोचनवाला चिरागची गाडी ओढून घेऊन आला. चिराग त्याच्या शेजारून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. चार दिवस त्याने गाडी गल्लीतच फिरवली होती आणि त्या सकाळी पहिल्यांदा हायवेवर पळवायला काढली होती. "शुभा, काय केलंस तू गाडीला? काटा थांबतच नाही यार. दीड, पावणेदोन, दोनच्या वर गेला आणि फाट करून आवाज. गाडी रस्त्याच्या मध्ये बंद. मागून टँकर येत होता, त्याने कसा ब्रेक मारला त्यालाच माहीत." मी बॉनेट उघडलं. हवेचा जाड रबरी पाइप उभा फाटला होता. इंजिन शाबूत होतं हे नशीब.

मी काही बोलायच्या आत आप्पा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी आत वाकूनही बघितलं नाही. म्हणाले, "रॉड कसलो जास्त. पोराक खूश करूक गेली." मी म्हटलं, मी कसलेला नाही, चिरागसमोर तीनदा तपासलं आहे. चिराग म्हणाला, हो, तेव्हा ठीक होतं. आप्पा त्याच्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "बाद में कस दिया होगा. लड़की है, किसी ने बोला तो कर देती है." हे ते माझ्या देखत बोलले. नाक्यावरचे दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते, तेही हसले. मग माझ्याकडे न बघता, "टेबलाक परत हात लावचो नाय. नितीनाक बोलव. आजपासून तो बसतलो."

मला रडू आलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला तिथे माझं रडणं हवं असतं. मला राग आला होता, पण तो आतून थंड होता आणि मला नीट विचार करू देत होता. मी म्हटलं, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, कारण सापडलं नाही तर मी स्वतः सांगेन की चूक माझी. आप्पांनी खांदे उडवले आणि टेबलाकडे गेले.

आधी मी रॉडचा नट बघितला. त्यावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवला होता आणि तो जागचा हलला नव्हता. म्हणजे कुणी कसला नव्हता, मीही नाही. मग डबीला जाणारी बारीक नळी काढली. कधी ती फाटते, डबीला दाब कळतच नाही आणि झडप बंदच राहते. नळी धडधाकट होती. मग डबीला हातपंप लावून हवा भरली. पंपाच्या काट्यावर दाब चढला आणि टिकून राहिला, म्हणजे डबीच्या आतला पडदाही चांगला होता. पण रॉड हलला नाही. सव्वा बारवर नाही, दीडवर नाही. दाब आहे, डबी ढकलते आहे, आणि रॉड जागचा हलत नाही. म्हणजे कुठेतरी तो अडकलाय. झडप काजळीने चिकटली असेल म्हणून मी हात खाली घातला, टर्बोच्या पोटाखालून, जिथे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच बघावं लागतं. रॉड जिथे डबी धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या अगदी जवळून जातो, तिथे बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. मी छोटा आरसा आणि टॉर्च घेतली.

बाइंडिंग वायर होती. सळया बांधायला वापरतात ती काळी तार, दुहेरी, रॉड आणि ब्रॅकेट एकत्र आवळलेली. उष्णतेने तिच्यावर राखाडी रंग चढला होता, त्यामुळे वरून बघितलं तर ती ब्रॅकेटचाच भाग वाटली असती. तारेत झेंडूच्या देठाचा जळका तुकडा अजून अडकलेला होता. तीन पीळ दिलेले आणि टोक आत दुमडलेलं. दुकानात तार सगळेच बांधायचे, पण टोक आत कुणी दुमडत नसे. रफिकचाचा सरळ कापायचा, नितीन कसंही सोडायचा. पुढच्या माणसाच्या हाताला टोचू नये म्हणून टोक आत दुमडायचं, हे फक्त आप्पा करायचे आणि ते आम्हाला शिकवायचेही.

मी गाडीवर तशीच वाकून सगळं समजून घेतलं. मी बाहेर बाकड्यावर होते. दोऱ्याला गाठ मारायला कुणी नव्हतं. नितीनला सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, आप्पा, तुम्ही का नाही मारत? तार मात्र पकडीने पिळता येते, आख्खी मूठ वापरून, बोटं लागत नाहीत. आणि टर्बोवर तार गुंडाळायला बारीक अशी जागा एकच, तो रॉड. तीस वर्षं टर्बो खोललेल्या माणसाने हे करावं, यावर मला आधी विश्वास बसेना. मग वाटलं, त्यांचं लक्ष टर्बोवर नव्हतंच. हात कुणाला दिसू नये, एवढ्यावरच होतं.

तार कापून खिशात टाकता आली असती. आप्पांना बाजूला बोलावून दाखवता आली असती. पुढे पुष्कळ जणींनी, आणि एका डॉक्टरनेही, मला हे ऐकवलं की म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचं असतं. मी दोन वर्षं सांभाळूनच घेत होते. त्याचं फळ म्हणून दोन ड्रायव्हरांनी माझ्यावर हसून घेतलं होतं. मी तार कापली नाही. चिरागला म्हटलं, तुझ्या वडिलांना बोलाव.

चार वाजता शेठ आले. मी आप्पांना, नितीनला, रफिकचाचाला, सगळ्यांना गाडीशी बोलावलं आणि टॉर्च व आरसा धरून एकेकाला दाखवलं. रफिकचाचाने एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे गेला. त्याने टोक ओळखलं होतं. आप्पा वाकले. किती वेळ वाकून होते कोण जाणे. सरळ झाले तेव्हा म्हणाले, "तूच बांधलंस. फुलां बांधताना."

माझी अशी समजूत होती की ते गप्प बसतील. गप्प बसले असते तर मीही बहुधा तिथेच थांबले असते. मी म्हटलं, "मी पूजेला नव्हते. मला पाळी आली होती, आईने मला बाहेर बसवलं होतं, आणि तुम्ही तिला होकार दिलात. मी समोर रसवंतीच्या बाकड्यावर होते, नाक्यावरच्या सगळ्यांनी मला बघितलंय." शेठ जमिनीकडे बघायला लागले. नितीन पुटपुटला, "शुभे, जाऊ दे ना." मी भिंतीवरची पकड काढली आणि आप्पांपुढे धरली. म्हटलं, "तुम्ही बांधलेली नाही ना? मग सोडून दाखवा. तीन पीळ आहेत."

त्यांनी पकड घेतली. अजूनही मला कळत नाही, का घेतली. नाही म्हणू शकले असते, ओरडू शकले असते, मला थोबाडीत मारली असती तरी कुणी मध्ये पडलं नसतं. त्यांनी पकड घेतली, हात टर्बोखाली नेला, आणि पकड लोखंडावर वाजायला लागली. बारीक, सलग, टकटकटकटक. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी वाजतच राहिली. शेठ हळू म्हणाले, "अप्पाभाई, रहने दो." आप्पांनी ऐकलं नाही. पकड हातातून निसटून खाली पडली, ती त्यांनी वाकून उचलली आणि पुन्हा आत नेली. तेव्हा मी बोलले. शेठकडे बघून बोलले. "दोन वर्षं तुमच्या सगळ्या ट्रकांचे टर्बो मी जोडलेत, शेठ. एकाची तरी तक्रार आली का?"

शेठने नाही अशी मान हलवली. मी आप्पांच्या हातातून पकड घेतली, घेतली म्हणजे ओढून घ्यावी लागली, तार कापली आणि पंप लावला. सव्वा बारला रॉड पुढे सरकला, झडप उघडल्याचा टिक असा आवाज आला. नवा पाइप टाकून मी आणि चिराग घोडबंदरला जाऊन आलो. काटा सव्वावर चढला आणि खिळून राहिला. मला त्या क्षणी निखळ आनंद झाला होता. तो मी नाकारणार नाही.

परत आलो तेव्हा आप्पा दुकानात नव्हते. त्यांची पिशवी घेऊन ते चालत घरी गेले होते. शेठ थांबले होते. म्हणाले, पुढचा ट्रक येईल तो तू घे, टेबलावर बसूनच घे. रफिकचाचाने न सांगता ट्यूबलाइट लावली. टेबल माझं झालं. नितीनने तिथल्या तिथे सुटकेचा निःश्वास टाकला, त्याचा मोबाइलचा गाळा आता कुणी अडवणार नव्हतं.

आठच्या सुमारास मी नदीकाठच्या आमच्या चाळीत पोचले. घरभर बांगड्याच्या तिखल्याचा, त्या कालवणातल्या तिरफळांचा वास होता. आमच्याकडे दुकानातून जो येईल त्याचं ताट आधी वाढायचं, भिंतीपाशी, पंख्याखाली, आणि ते ताट उचलल्यावर बाकीच्यांनी बसायचं. आजवर ते ताट एकच होतं, आप्पांचं. आईने माझ्याकडे बघितलं नाही. पंख्याखाली पाट मांडला, ताट ठेवलं आणि म्हणाली, "बस. दुकानातून आता तू येतंस." आप्पा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. नितीन दारात उभा राहिला आणि मग खाली निघून गेला.

मी बसले. भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी बांगडा खाल्ला, दोनदा भात घेतला. आईने दोन्ही वेळा वाढला. कुणी म्हणेल, घास घशात अडकला असेल. नाही अडकला. तिखलं चांगलं झालं होतं.

मी उठल्यावर आईने माझं ताट उचललं, दुसरं वाढलं आणि आप्पांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. पंख्याखालचं ते ताट पुष्कळ दिवसांपासून आत जायचं आणि आप्पा दार ओढून जेवायचे. मला वाटायचं, तोरा आहे, कमावत्या माणसाचा तोरा. आईने त्यांना पाटावर बसवलं, स्वतः समोर मांडी घातली, माशातला काटा काढला, भात कालवला आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी सवयीने तोंड उघडलं. तिचा हातही सवयीचा होता, न सांडता, न घाई करता. माझी ती दोन वर्षं सुरू व्हायच्या आधीपासून ती हे करत आली असली पाहिजे, आणि पोरांना, शेजाऱ्यांना, कुणालाही तिने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने दार ओढून घेतलं नाही. मला दिसावं म्हणूनच ते तिने उघडं ठेवलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि ताट रिकामं होईपर्यंत बघितलं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.